एकाच डोक्याचा फेटा

११ ऑगस्ट २००२, शुगर लँड

राजीव आज फोन न करता आला. या गावात फोन न करता दोघंच येतात: वादळ, आणि ज्याचं काम अडलंय तो.

राजीव महाराष्ट्र मंडळाचा अध्यक्ष आणि तेल कंपनीत व्हाइस प्रेसिडेंट. माझा मेव्हणा नंदू त्याच कंपनीत पाइपलाइनचा इंजिनिअर. त्या कंपनीला ओरझानमधून पाइपलाइन न्यायची आहे. ओरझान म्हणजे कॅस्पियनच्या काठाला चिकटलेला एक चिंचोळा देश. गेल्या वर्षीच्या सप्टेंबरनंतर अमेरिकेला त्या बाजूला विमानतळ हवा होता आणि कंपनीला वाट हवी होती. दोघांच्याही गरजा एकाच माणसात भागल्या. त्याचं नाव साल्दारोव. डिसेंबरात तो कर्नल होता, जानेवारीत जनरल झाला आणि जूनमध्ये शहाण्णव टक्के मतांनी राष्ट्राध्यक्ष.

"उरलेले चार टक्के आता कुठे आहेत?" मी विचारलं.

"यार देवदत्त, प्लीज," राजीव म्हणाला. "ते ह्यूस्टनला येतायत करार साइन करायला. कंपनीला वाटतं की इंडियन इंजिनिअर्सनी त्यांचा सत्कार करावा. आपल्या गणपतीत. मानपत्र तू लिही. संस्कृतमध्ये. इम्प्रेसिव्ह वाटतं."

मी वाईच्या पाठशाळेत बारा वर्षं घासली, ती इम्प्रेसिव्ह वाटण्यासाठी, हे आज कळलं. पुण्याच्या दैनिकाला दर आठवड्याला अमेरिकेचं पत्र पाठवणारा माणूस मी. पोट माझं बायकोच्या हॉस्पिटलमधल्या नोकरीवर भरतं. तेव्हा फार ताठ राहणं शोभत नाही. लिहीन म्हणालो.

१४ सप्टेंबर २००२

सत्कार झाला. जनरल धिप्पाड, झुबकेदार मिशांचा, चालताना जमीन त्याचीच असल्यासारखा. आरतीला टाळ्या वाजवल्या, तालात. मोदक तीन खाल्ले. त्याआधी एक त्याच्या रक्षकानं खाल्ला आणि सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. उकड बिघडली की काय, असं माझ्या बायकोला, उल्काला वाटलं.

माझ्या मानपत्रात त्याला 'प्रजावत्सल' म्हटलंय. तो आहे की नाही, कोण जाणे. अनुष्टुभात चपखल बसतो.

पण मैफल मारली नंदूनं. शाल-श्रीफळानंतर फेटा बांधायचा होता, आणि या अख्ख्या टेक्सासात कोल्हापुरी फेटा हातानं बांधणारा नंदू एकटाच. बाकीच्यांकडे दुकानातले शिवलेले, टोपीसारखे डोक्यावर ठेवायचे. माझे सासरे शाळेत ड्रिल मास्तर होते. गल्लीतल्या प्रत्येक लग्नात फेटे त्यांचे. नंदू त्यांच्याकडून शिकला, पण दुसऱ्याच्या डोक्यावर. स्वतःला त्यानं कधी बांधला नाही. म्हणतो, "बांधणाऱ्यानं उघड्या डोक्यानं हिंडायचं असतंय, दाजी."

जनरल खुर्चीत बसला आणि नंदू त्याच्याभोवती फिरत पेच टाकत गेला. रक्षक आधी अंगावरच आले होते, कुणी त्या डोक्याला हात लावायचा नाही म्हणून. जनरलनं बोटानं थांबवलं. तुरा उभा राहिला तेव्हा त्यानं आरसा मागवला आणि बराच वेळ स्वतःकडे बघत बसला. मग नंदूला शेजारी उभं केलं. तीच उंची, तेच खांदे. मग तो मोठ्यानं म्हणाला, "ब्रदर." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आमची रेणू बाथरूमला गेली होती. परत येऊन तिनं पाठमोऱ्या जनरलचा कोट ओढला. "मामा, कॅन वी गो होम?" जनरल वळला. पोरगी अशी दचकली की हातातला मोदक पडला.

२३ ऑक्टोबर २००२

ओरझानच्या वकिलातीतून कंपनीला फोन. जनरलना राष्ट्रीय दिनाच्या संचलनात फेटा हवा आहे. बांधणाऱ्यासकट.

नंदू आठवडाभर जाऊन येतो म्हणतो. उल्का म्हणाली, "शिकलास काय, करतोस काय." मी म्हणालो, कृष्णानं घोडे हाकलेच होते. माझ्या या वाक्यावर पुढच्या पत्रातला निम्मा मजकूर बेतला. पुण्यात लोकांना आवडेल.

९ फेब्रुवारी २००३

नंदूची बदली ओरझानला. हुद्दा पाइपलाइनचा, पण शुक्रवारी आणि समारंभाला राजवाड्यात हजेरी. त्याची गाडी आमच्या दारात लावून गेला. आठवड्यातून एकदा सुरू करा म्हणाला.

तिथून नुकताच परतलेला ज्ञानदेव कांबळे जेवायला आला होता. नागपूरचा, सुरक्षा विभागातला, नंदूचा मित्र. आल्या आल्या त्यानं कंपनी सोडली. मला शास्त्रीबुवा म्हणतो, आणि ते म्हणताना त्याचे डोळे हसतात.

"का सोडलीस?" उल्कानं विचारलं.

"वहिनी, तिथं माझ्या हाताखाली चौघं होते. एकानं टपरीवर जनरलच्या मिशीची नक्कल केली. दुसऱ्या दिवसापासून माझ्या हाताखाली तिघं."

"कुठे गेला तो?"

"मीही हेच विचारलं. मग मला सांगितलं की तुमच्या हाताखाली पहिल्यापासून तिघंच होते."

मग तो माझ्याकडे वळला. "शास्त्रीबुवा, आम्हाला लहानपणी शिकवलं होतं, कुणाच्या गळ्यात हार घालण्याआधी त्याचे हात बघायचे. तुमच्या पाठशाळेत हे होतं का?"

मी म्हणालो, आमच्याकडे आधी छंद बघायचे. तो हसला. मीही हसलो. उल्का हसली नाही.

२ मे २००४

ओरझानच्या नव्या नोटेवर जनरल फेट्यात. आता तिथं कायदाही झालाय: फेटा देशात एकाच डोक्यावर. दुसऱ्या कुणी बांधला तर राजद्रोह. कुठल्याशा खेड्यात एका म्हाताऱ्यानं थंडीसाठी डोक्याला टॉवेल गुंडाळला होता, त्यालाही धरलं म्हणे.

कोल्हापूरच्या एका ड्रिल मास्तराची कला अखेर राजचिन्ह झाली, असं मी पत्रात लिहिलं. संपादकांचा फोन आला. म्हणाले, वाचक फोटो मागतायत.

नंदू फोनवर म्हणाला की आता फेट्याखाली पोलादी टोपी असते. त्यावर कापड धरत नाही, पेच घसरतात. मी म्हणालो, मुकुटाचं वजन म्हणतात ते हेच. तो म्हणाला, "होय दाजी, तसंच." आणि फोन ठेवला. पूर्वी निदान अर्धा तास बोलायचा.

१७ नोव्हेंबर २००४

नंदू आता रोज सकाळी तीन फेटे बांधतो. जनरलसाहेब दिवसातून तीनदा बदलत असणार: सकाळी दरबारी, दुपारी लष्करी, संध्याकाळी मेजवानीचा. लग्नात नवऱ्या मुलीच्या साड्या असतात तसं. मी असं म्हटल्यावर नंदू एवढंच म्हणाला, "ताईला द्या फोन."

ताईशी तो फक्त आमटीत चिंच किती घालायची ते बोलला.

१८ डिसेंबर २००५

पावणेतीन वर्षांत पहिल्यांदा नंदू घरी आला. मला ओळखू येईना. केवढा सुटलाय. आणि मिशा, जनरलसारख्या, झुबकेदार.

"राजाश्रय मानवलाय," मी म्हणालो.

"तिथल्या डॉक्टरनं पथ्य दिलंय. रोज लोणी. दर शुक्रवारी वजन करतात."

"इकडे डॉक्टर लोणी बंद करतात, तिकडे घालतात. देश चांगला दिसतो."

उल्कानं माझ्याकडे असं बघितलं की पुढचा विनोद मी आमटीबरोबर गिळला. तिनं त्याला विचारलं, "आजारी आहेस का?" तो नाही म्हणाला. रेणू पंधरा वर्षांची झाली, आता तिला बोलणं कमी लागतं. तिनं मामाकडे नीट बघून विचारलं, "मामा, हू आर यू सपोज्ड टू बी?" नंदूनं तिच्या डोक्यावर थोपटलं आणि खुर्ची उचलून खिडकीपासून लांब ठेवली. तेव्हापासून तो तिथंच बसतो आहे.

७ जानेवारी २००६

काल उल्का आणि नंदूचं भांडण झालं. या घरात पहिलंच.

"जाऊ नकोस. राजीनामा दे."

"ताई, ग्रीन कार्डची फाइल कंपनीकडे आहे. व्हिसाची सहा वर्षं कधीच संपली. त्या फाइलीवर मी इथं उभा आहे. आज सोडलं तर महिन्यात देश सोडायचा."

"मग सोड. कोल्हापूरला जा. बाबांची खोली आहे."

"राजीव म्हणतो एकच वर्ष. जनरलनं नावानं मागितलंय मला. नाही म्हटलं तर करारावर येईल."

तिनं मला मध्ये घेतलं. मी दोन्ही बाजू मांडल्या. पूर्वपक्ष, उत्तरपक्ष. मला ते चांगलं जमतं. शेवटी म्हणालो, सहा वर्षं वाट बघितली, कार्ड हाताशी आलंय, एक वर्ष काढून टाक.

आज विमानतळावर त्यानं माझ्या पायाला हात लावला. असं तो कधी करत नाही. मी म्हणालो, अरे, कुठे काशीला निघालास? तो म्हणाला, "गाडी सुरू करत जावा दाजी. बॅटरी उतरती."

१४ मे २००७

ओरझानच्या राजधानीत लोक चौकात बसले होते, पावाच्या रांगेतून उठून आलेले. सैन्यानं गोळ्या घातल्या. किती मेले, ते जो तो आपापल्या सोयीनं सांगतो.

वॉशिंग्टनची पत्रकार परिषद मी फोनवरून ऐकतो. प्रवक्त्याची विशेषणं टिपून ठेवायची मला सवय आहे, जुन्या खोडीप्रमाणे. २००२ साली जनरल 'जवळचे मित्र' होते. गेल्या वर्षी नुसते 'भागीदार'. आज प्रवक्ता म्हणाला, 'तिथलं सरकार'. काव्यात नायकाची विशेषणं अशी एकेक गळू लागली की समजावं, कवीला दुसरा नायक सापडला.

संपादकांना लेख हवा होता. सौम्य लिहिला. चौकाला 'दुर्दैवी' म्हटलं, जनरलना काहीच नाही. नंदू तिथं आहे. ज्ञानदेवनं लेख वाचून फोन केला. "शास्त्रीबुवा, छंदात बसला का?" एवढंच.

एक वर्ष कधीच उलटलं. राजीव म्हणतो, फाइल हलली आहे.

२९ मार्च २००८

अमेरिकेनं ओरझानचा विमानतळ सोडला. शेजारच्या देशात नवा मिळाला म्हणतात. कंपनीनं माणसं परत आणली. विमान आज ह्यूस्टनला उतरलं. आम्ही सकाळपासून उभे होतो. नंदू नाही.

राजीवला गाठलं. त्याचा चेहरा उतरला होता. "यादीत होता, यार. एअरपोर्टवर प्रोटोकॉलवाल्यांनी उतरवून घेतला. जनरलना दोन-चार दिवस लागणार होता म्हणे. आम्ही स्टेट डिपार्टमेंटशी बोलतोय."

"ते काय म्हणाले?"

"तो अमेरिकन सिटिझन नाही."

दिल्लीत परराष्ट्र खात्यालाही फोन केला. तिथल्या बाईंनी विचारलं, तो तिथं कोणत्या कामावर आहे? मी म्हणालो, इंजिनिअर. "आणि?" मी म्हणालो, फेटे बांधतो. त्यांनी मला पुन्हा स्पेलिंग विचारलं.

२ एप्रिल २००८

नंदूचा फोन. जिवात जीव आला. लाइन खराब होती, मागे कुणीतरी त्यांच्या भाषेत बोलत होतं. मी विचारलं, कधी येतोस? तो म्हणाला, लवकरच, आता काम संपत आलंय. मग ताईला मागितलं. मी दुसऱ्या फोनवरून ऐकत होतो.

"ताई, बाबा स्वतःला फेटा कसा बांधायचे गं? समोर आरसा ठेवून?"

"आरसा कुठला. त्यांना लागायचाच नाही. अरे, टोक दातात धरायचे. टोक दातात घट्ट धरायचं, मान अजिबात हलवायची नाही, आणि दोन्ही हातांनी पेच मागं न्यायचे. तोंड मिटलेलं, म्हणून आपण तेव्हाच त्यांना चॉकलेटसाठी भंडावायचो, आठवतं?"

"आठवतं."

"दातात धरल्याशिवाय ताण येत नाही. तेच तुझं चुकत असणार."

"तेच चुकतंय. ढिला पडतोय."

"करून बघ आता. मी थांबते."

थोडा वेळ फोनवर नुसती खुडबुड. मग तिकडून नंदू घुम्यासारखा 'हं' म्हणाला, दातात कापड असल्यासारखा. उल्का इतकी हसली. किती महिन्यांनी.

"जमलं ताई," तो म्हणाला. आणि लाइन गेली.

घराची आठवण येतेय त्याला. लक्षण चांगलं आहे. माणूस निघायच्या आधी असाच जुन्या गोष्टी काढतो. उल्का संध्याकाळभर बाबांच्या गोष्टी सांगत होती.

५ एप्रिल २००८

जनरल संपला. बंडखोरांनी राजधानीबाहेर त्याच्या गाड्यांचा ताफा अडवला. टीव्हीवर सारखं तेच दाखवतायत: काळी गाडी, काचा फुटलेल्या, मागच्या सीटवर पाठमोरा माणूस खिडकीला टेकलेला. डोक्यावर फेटा, तुरा अजून उभा.

मी म्हणालो, चला, आता नंदूला अडवणारा कुणी उरला नाही.

रेणू सोफ्यामागे उभी होती. म्हणाली, "मामा?"

मी तिला म्हणालो, अगं, लहानपणीही तू हीच चूक केली होतीस. तिनं टीव्ही बंद केला आणि वर निघून गेली. दार लावल्याचा आवाज आला. कॉलेजला जायचं वय झालं तरी काही भीती जात नाहीत.

८ एप्रिल २००८

गाडीतला माणूस जनरल नव्हता. नव्या सरकारनं जाहीर केलं. जनरलचे तोतये होते म्हणे, तीन-चार. जनरल दुसऱ्या रस्त्यानं समुद्राकडे गेला. गाडीतला तो कोण, ते कळलं नाही. कुठेतरी पुरला.

रोज सकाळी तीन फेटे.

मी ते पान काढून वाचलं, नवऱ्या मुलीच्या साड्यांचं. पुन्हा मिटून ठेवलं.

नंदू त्या तोतयांना फेटे बांधत होता, म्हणजे त्याला बरंच माहीत असणार. म्हणून कुठेतरी लपून बसला असेल. हे उल्काला सांगितलं, तिला पटलं. ती रोज एका वकिलातीला फोन करते. कामावरून आली की हातपाय धुऊन आधी तेच.

२६ जुलै २००८

ज्ञानदेव आला. म्हणाला, "जनरल ह्यूस्टनमध्ये आहे. मेडिकल व्हिसावर. छातीचं दुखणं."

"कुणी आणला?"

"ज्यांनी बसवला त्यांनी. जुनं सामान रस्त्यावर टाकलं की नगरपालिका दंड करते, म्हणून गॅरेजमध्ये ठेवतात."

मी राजीवला फोन केला. सहा वर्षांत त्यानं माझ्याकडून जेवढं लिहून घेतलं, त्याच्या बदल्यात पहिल्यांदा काही मागितलं: मला त्याला भेटव.

९ सप्टेंबर २००८

आज भेटलो. हॉस्पिटल नव्हतं, एका मोठ्या बंगल्याची मागची खोली. राजीव दाराशी थांबला. त्याची अट होती की छापायचं नाही. म्हणून इथं लिहितो.

जनरल वाळला आहे. टक्कल. मिशी काढलेली. पोलादी टोपीचा वळ कपाळावर अजून आहे. त्याचं इंग्रजी मोडकं, मी सावरून मराठीत लिहितो.

मी सांगितलं, मी नंदूचा मेव्हणा. त्यानं मला ओळखलं. "तुम्ही कविता वाचली होती."

"नंदू कुठे आहे?"

त्यानं प्रश्न ऐकलाच नाही असं केलं. उशाजवळच्या पिशवीतून कापड काढलं. मंडळानं सहा वर्षांपूर्वी दिलेला पहिला फेटा, केशरी, घड्या पडून विटलेला. म्हणाला, "तुम्हाला बांधता येतो?"

मी नाही म्हणालो.

"इथं कुणालाच येत नाही," तो म्हणाला, लहान मुलासारखा हिरमुसून. मग आपणहून बोलू लागला. "शेवटी बाकीचे पळाले. सगळे. मी ज्यांना गावं दिली, गाड्या दिल्या, ते पळाले. तुमचा भाऊ राहिला."

"त्याला विमानातून उतरवला होता."

"राहिला," तो पुन्हा म्हणाला. "माझ्या मापाचा होता. आम्ही आधीपासून तयारी ठेवली होती. फक्त फेटा. दुसऱ्याला सुंदर बांधायचा, स्वतःला जमेना. तुरा पडायचा. लांबूनही कळलं असतं की खोटा आहे. मी चिडलो होतो. मग एक दिवस त्यानं फोन मागितला. माझा माणूस म्हणाला, देऊ नका. मी म्हटलं, द्या. मी क्रूर नाही."

मी त्याच्या हातातल्या केशरी कापडाकडे बघत होतो.

"त्यानंतर बांधला. एकदम बरोबर. कापडाचं टोक दातात धरून, असं." त्यानं विटलेल्या फेट्याचं टोक उचलून स्वतःच्या दातांत धरलं आणि सोडलं. "मी विचारलं, कुणी शिकवलं? म्हणाला, माझ्या बहिणीनं."

जनरल हसला. त्याला ती गोष्ट खरंच आवडली होती. ती मलाही आवडेल अशी त्याची खात्री होती.

मी उठलो. राजीव गाडीपर्यंत आला. "काही कळलं?" मी त्याच्याकडे बघितलं आणि माझ्या लक्षात आलं की त्याला ठाऊक होतं. कधीपासून, ते विचारलं नाही.

बाराव्या वर्षापासून मी शब्दांवर जगतो आहे. हायवेवर एक तास गाडी चालवली, घरी काय सांगायचं त्याचं एक वाक्य जुळलं नाही.

उल्का दारातच होती. "काय म्हणाला?"

"झोपला होता. औषधं दिली होती. भेट झाली नाही."

"मग पुढच्या आठवड्यात जा."

"जाईन."

१२ सप्टेंबर २००८

वादळ आज आखातातून वर सरकतंय. गॅल्व्हस्टन रिकामं केलं. मंडळाचा गणपती कॅन्सल. आम्हाला घरातच राहायला सांगितलंय. सकाळपासून हवा हलत नाही, आकाश पिवळट, आणि पक्षी एकही नाही.

ज्ञानदेव फोन न करता आला, प्लायवूडचे तक्ते घेऊन. आम्ही दोघांनी खिडक्यांना ठोकले. रेणू खिळे देत होती. मध्येच ज्ञानदेवनं विचारलं, "भेटलात?" मी हो म्हणालो. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग उल्काकडे, आणि पुढचा खिळा तोंडातून काढून ठोकला. रेणूनं माझ्या दंडाला धरलं आणि सोडलं. एप्रिलपासून तिनं एकटीनं हे सांभाळलं, आणि मी तिला भित्री समजलो.

उल्का आत बाटल्यांत पाणी भरत होती. नंदूच्या खोलीतली चादर तिनं आज बदलली.

"लाइट गेले, फोन गेले, आणि तो नेमका आजच पोचला तर?" ती म्हणाली. मग आपलीच समजूत घालत म्हणाली, "एक बरं झालं. शेवटच्या फोनवर त्याला बाबांचा फेटा तरी नीट शिकवला. नाहीतर ती विद्या घरातून गेलीच होती."

मी खाली बघून हातोडी पेटीत ठेवली.

"ऐक," ती म्हणाली, "गॅरेजमध्ये एकच गाडी मावते. नंदूची आत घे. आपली राहू दे बाहेर."

"झाड पडेल तिच्यावर."

"पडू दे."

मी किल्ली घेऊन त्याच्या गाडीत बसलो. सीट त्याच्या मापाचं, मागे सरकवलेलं. माझे पाय पेडलपर्यंत जेमतेम पोचतात. गाडी उलटी आत घ्यायची होती, पण मागचं दिसेना, म्हणून हात वर नेला. उल्का काचेशी आली.

"आरसा हलवू नकोस," ती म्हणाली. "त्याच्या नजरेला लावलेला आहे."

मी हात खाली घेतला. आरशात गाडीचं छत दिसत होतं. तसाच हळूहळू मागे आलो, ती हातानं दाखवत होती त्या दिशेनं.